नंबर एका गाडीचा, गाडी दुसरीच

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला टेकून एक दुचाकी चार महिन्यांपासून उभी आहे. टायर बसलेत, सीटवर मांजरं झोपतात. सभासदांपैकी कुणाचीच नाही म्हणतात. ग्रुपवर फोटो टाकला तर निम्मे म्हणाले, चोरीची असणार, ढकलून रस्त्यावर काढा. ती खरंच चोरीची आहे का, हे घरबसल्या कळतं का? आणि कळलं तर कुठं कळवायचं? (पुण्याहून एक वाचक)

उत्तर : कळतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं पोलिसांकडे सोपवावं लागतं. मोबाइलवर फिरणारे बहुतेक सल्ले पहिल्या अर्ध्यावर थांबतात आणि तिथंच घोटाळा होतो.

सुरुवात पाटीवरच्या नंबरापासून करा. तो केंद्र सरकारच्या एम-परिवहन ॲपवर किंवा परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर टाका. देशातल्या आरटीओंच्या नोंदी 'वाहन' नावाच्या माहितीसाठ्यात एकत्र असतात, त्यातला थोडा भाग आपल्याला पाहता येतो. मालकाचं पूर्ण नाव दिसत नाही, अक्षरं फुल्यांनी झाकलेली असतात. त्यावरून अनेक जण चिडतात, पण ते झाकलेलंच बरं. ही माहिती ठोक भावानं कंपन्यांना विकण्याचं धोरण सरकारनं २०१९ मध्ये आणलं होतं आणि पुढच्याच वर्षी ते मागं घ्यावं लागलं. त्यामुळं पूर्ण नाव-पत्ता काढून देतो म्हणणारी खाजगी ॲप मोबाइलमध्ये घेऊ नका. आपल्याला नाव लागतही नाही.

पाहायचं ते हे : कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, इंधन कोणतं, नोंदणी कधीची, विमा आणि पीयूसी कधी संपलं. भिंतीला टेकलेली आहे स्कूटर आणि पडद्यावर येतेय मोटारसायकल, किंवा त्या नंबरावर चक्क ट्रॅक्टर निघाला, तर पाटी खोटी आहे एवढं नक्की झालं. सगळं जुळलं तर मात्र काहीच नक्की झालं नाही. कारण पाटी बनवायला पत्रा आणि रंग एवढंच लागतं, आणि थोडं डोकं असलेला चोर त्याच कंपनीच्या, त्याच रंगाच्या, रस्त्यावर रोज फिरणाऱ्या दुसऱ्या गाडीचा नंबर उचलून लावतो. पडद्यावर सगळं चोख दिसतं. ती चोख माहिती दुसऱ्या गाडीची असते.

म्हणून दुसरी पायरी धातूवरच्या नंबरांची. प्रत्येक गाडीवर दोन नंबर कोरलेले असतात, चेसिसचा आणि इंजिनचा. मोटारसायकलवर चेसिस नंबर बहुधा हँडलखालच्या नळीवर, उजव्या किंवा डाव्या बाजूला सापडतो. स्कूटरवर जागा कंपनीगणिक बदलते. इंजिन नंबर इंजिनच्या खालच्या भागावर असतो. ओल्या फडक्यानं धूळ पुसा, मोबाइलच्या बॅटरीचा उजेड तिरका पाडा आणि फोटो घ्या. तिरक्या उजेडात कोरलेली अक्षरं उठून दिसतात. यापलीकडे गाडीला हात लावायचा नाही. डिकी उघडणं, कुलूप तोडणं, गाडी रस्त्यावर ढकलून देणं यातलं काहीही करू नका. चोरीची निघाली तर तो पुरावा आहे. नसली तर मालक उद्या येऊन तुमच्यावरच तक्रार करील.

आता तिसरी पायरी, जिची माहिती फार थोड्यांना असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, १९८६ साली स्थापन झाला. चोरीला गेलेल्या आणि सापडलेल्या वाहनांच्या नोंदी जुळवण्याचं काम तेव्हापासून त्याच्याकडे आहे. जुनी गाडी घेणाऱ्याला पूर्वी पोलिसांच्या खिडकीवर जाऊन 'या गाडीची चोरीची नोंद नाही' असा दाखला घ्यावा लागे. २०१७ मध्ये 'डिजिटल पोलीस' हे संकेतस्थळ सुरू झालं. तिथल्या नागरिक सेवांत वाहनाच्या ना-हरकत दाखल्याची सोय आहे. मोबाइलवर आलेल्या ओटीपीनं आत जायचं, नोंदणी क्रमांक, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर भरायचे. देशभरच्या पोलीस ठाण्यांनी भरलेल्या चोरीच्या नोंदींशी ते ताडून पाहिले जातात आणि नोंद आहे की नाही ते कळतं. पैसे लागत नाहीत.

'नोंद सापडली नाही' या उत्तराचा अर्थ मात्र नीट समजून घ्या. गाडी चोरीला गेली पण मालकानं तक्रारच केली नाही, तक्रार केली पण ठाण्यात नोंद संगणकावर चढायची आहे, नोंद चढवताना आठाचा तीन झाला, किंवा चोरानं चेसिस नंबरच बदलला, अशा चारही प्रकारांत उत्तर हेच येणार. चोरीची नोंद निघाली तर शंका संपते. न निघाली तर शंका तेवढीच राहते, फक्त गाडीमागं लागलेला संशयाचा फोटो ग्रुपवर फिरवायला काही आधार उरत नाही.

आता कळवायचं कुठं? जवळच्या पोलीस ठाण्यात सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज द्या : अमुक तारखेपासून अमुक ठिकाणी बेवारस वाहन उभं आहे, पाटीवरचा नंबर हा, चेसिस नंबर हा, फोटो सोबत. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरही तक्रार अर्ज करता येतो आणि त्याचा क्रमांक मिळतो. गाडीत संशयास्पद वस्तू दिसली किंवा कुणी ती घाईघाईनं हलवू लागलं, तर थेट ११२. अर्जात 'चोरीची गाडी' असं लिहू नका, 'बेवारस' लिहा. चोरीची आहे हे ठरवणं तुमचं काम नाही, आणि अशा गाड्यांपैकी बऱ्याच जणींचा मालक परगावी गेलेला, आजारी पडलेला किंवा देवाघरी गेलेला असतो.

पोलिसांकडे गाडी गेल्यावर पुढं काय होतं, हे ठाण्याच्या आवारात गवतात रुतलेल्या गाड्या पाहून कळतंच. त्या प्रत्येकीला कुठंतरी मालक आहे. नंबरपाटी नसलेल्या गाडीचा मालक चेसिस आणि इंजिन नंबरांवरून शोधता येतो, पण ते चिकाटीचं काम आहे आणि ठाण्यात त्याला माणूस मिळत नाही. मावळ तालुक्यातल्या परंदवडीची गंगामाता वाहन शोध संस्था हे काम पोलिसांच्या बरोबरीनं करते. गंजलेल्या गाड्यांवरचे नंबर घासून, वाचून, मालकांचा माग काढून ठाण्यांना याद्या देते. राज्यभरच्या पोलीस ठाण्यांतून 'आपलं वाहन ओळखून घेऊन जा' अशी निवेदनं वर्तमानपत्रात येतात, त्यांतल्या कितीतरी निवेदनांमागं हीच संस्था असते. कायद्यानं अशा मालमत्तेसाठी जाहीर सूचना काढून मालकाला सहा महिन्यांची मुदत द्यावी लागते. त्यानंतर लिलाव.

राहिला तुमचा ग्रुप. अनोळखी गाडीचा फोटो 'चोर' अशा मथळ्याखाली फिरवू नका, मग तो गाडीवरचा माणूस कितीही संशयास्पद वाटो. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मोबाइलवर फिरलेल्या अफवेपोटी जमावानं पाच निरपराध माणसं ठेचून मारली. तिथं संशय मुलं पळवण्याचा होता, गाडीचा नव्हता, पण संदेश पुढं ढकलणारी बोटं सगळीकडे सारखीच असतात.

प्रश्न : जुनी कार घ्यायची आहे. एजंट म्हणतो, 'आरसी क्लिअर आहे, ॲपवर बघा.' ॲपवर सगळं बरोबर आहे. मग चोरीची गाडी कशी ओळखायची? (सांगली)

उत्तर : एजंट खोटं बोलत नसेल. आरसी क्लिअर असू शकते आणि तरी गाडी चोरीची असू शकते. हे कसं होतं ते पाहा.

एक कार अपघातात पार चेपते. विमा कंपनी तिला 'टोटल लॉस' ठरवते, मालकाला पैसे देते आणि सांगाडा लिलावात विकते. सांगाडा पाच-पन्नास हजारांचा, पण त्याच्यासोबत एक किमती गोष्ट मिळते : खरी आरसी आणि खरा चेसिस नंबर. तो सांगाडा घेणारी टोळी मग त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी चोरते. चोरलेल्या गाडीवरचा चेसिस नंबर ग्राइंडरनं घासला जातो आणि त्या जागी मेलेल्या गाडीचा नंबर पंच केला जातो. काही वेळा नंबर असलेला पत्र्याचा तुकडाच कापून नव्या गाडीत जोडतात. कागदावर मेलेली गाडी जिवंत होते. ॲप तिच्याबद्दल जे सांगतं ते अक्षरशः खरं असतं.

म्हणून जुनी गाडी पाहायला जाताना कागदांपेक्षा जास्त वेळ बॉनेटखाली आणि सीटखाली घालवावा, असं माझं मत आहे. कारमध्ये चेसिस नंबर कुठं कोरलेला आहे ते मॉडेलप्रमाणं बदलतं : कधी इंजिनमागच्या आडव्या पत्र्यावर, कधी पुढच्या सीटखाली गालिचा उचलल्यावर. शिवाय तो दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा पट्टीवर छापलेला असतो. दोन्ही ठिकाणचा आणि आरसीवरचा नंबर एकच हवा.

नंबर वाचायचा कसा, तेही शिकून घ्या. आजच्या गाड्यांचा हा नंबर सतरा अक्षरांचा असतो. इंग्रजी वर्णमालेतली आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं त्यात कधीच येत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गोंधळतात. घाईत खोटा नंबर ठोकणाऱ्यानं ओ घातलेला दिसला, तर तिथूनच परत फिरा. पहिली तीन अक्षरं देश आणि कारखाना सांगतात. भारतातल्या बहुतेक गाड्यांची सुरुवात एमए ते एमई या जोड्यांनी होते. मारुतीची एमए३, ह्युंदाईची एमएएल, टाटाची एमएटी, महिंद्राची एमए१. दुचाकीत हिरोची एमबीएल, बजाजची एमडी२, टीव्हीएसची एमडी६. टाटाची गाडी आणि सुरुवात एमए३नं, असं असेल तर विचारायलाच नको. बनल्याचं वर्षही या नंबरात एका अक्षरात दडलेलं असतं : २०१८ ला जे, २०१९ ला के, २०२० ला एल, २०२१ ला एम, २०२२ ला एन. कंपनीप्रमाणं त्याची जागा वेगळी असते, तेव्हा त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलेलं चांगलं.

मग डोळ्यांनी पाहा. कारखान्यातला नंबर यंत्रानं एका ओळीत, एका खोलीनं, एका अंतरानं उमटलेला असतो. हातानं ठोकलेल्या नंबरात एखादं अक्षर किंचित वर जातं, एखादं जास्त खोल बसतं. आजूबाजूच्या पत्र्यावर ग्राइंडरचे बारीक ओरखडे, तेवढ्याच चौकोनात ताजा रंग, कडेनं वेल्डिंगची रेघ दिसते. बोट फिरवलं की तिथला पत्रा पातळ लागतो. आणखी एक साधी तपासणी आहे, तिच्याकडे चोरांचंही बहुधा लक्ष नसतं. सीटबेल्टच्या तळाशी शिवलेल्या पट्टीवर तो बनल्याची तारीख असते, काचांच्या कोपऱ्यात कंपनीची खूण आणि वर्षाचा संकेत असतो. आरसी म्हणते गाडी २०१७ ची, आणि चारही सीटबेल्ट २०२१ चे. एखादी काच फुटून बदललेली असू शकते. चारही बेल्ट कुणी हौसेनं बदलत नाही.

घासलेला नंबर कायमचा जातो का, असंही याच पत्रात खाली विचारलंय. जात नाही, निदान सहजी नाही. ठोकताना अक्षराखालचा धातू दाबला जातो, आतल्या कणांची रचना विस्कटते, आणि ती विस्कट डोळ्यांना दिसणाऱ्या खाचेपेक्षा बरीच खोल उतरलेली असते. गोंदणासारखं समजा, वरची कातडी खरवडून ते निघत नाही. न्यायसहायक प्रयोगशाळेत तो भाग घोटून गुळगुळीत करतात आणि त्यावर रसायन लावतात. पोलादासाठी कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण वापरायची जुनी पद्धत आहे. दाबला गेलेला धातू आणि न दबलेला धातू यांना ते वेगळ्या वेगानं खातं, आणि घासून टाकलेले आकडे काही वेळ अंधूक उमटतात. तेवढ्यात फोटो घ्यायचा. मुंबईत कलिन्याच्या प्रयोगशाळेपर्यंत गाडीचा तुकडा पोचतो तो याच कामासाठी. चोर फार खोल घासतो तेव्हा मात्र प्रयोगशाळेचाही इलाज चालत नाही.

कागदांचं थोडक्यात. डुप्लिकेट आरसी दाखवली तर मूळ कुठं गेली ते विचारा आणि तिच्याबद्दल पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत मागा. दोन्ही किल्ल्या मागा. चोरलेल्या गाडीला कंपनीची दुसरी किल्ली क्वचितच असते. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत न्यायची तर फॉर्म २८. विक्रेता आरसीवरचा माणूसच आहे का, हे ओळखपत्रावरून पाहा, आणि पैसे त्याच्याच खात्यात भरा. 'साहेब परदेशी आहेत, मी त्यांचा भाचा' हे वाक्य ऐकलं की चहा संपवून उठावं.

हे सगळं न करता घेतली आणि चोरीची निघाली तर? 'मी पैसे मोजलेत' या म्हणण्यानं गाडी तुमची होत नाही. विकणाऱ्याकडेच मालकी नव्हती तर तो ती तुम्हाला देणार कुठून, हे तत्त्व १९३० च्या मालविक्री कायद्यात आहे. गाडी मूळ मालकाकडे किंवा त्याच्या विमा कंपनीकडे जाते, तुम्ही एजंटामागं फिरत राहता. आणि बाजारभावाच्या निम्म्यात, कागदांशिवाय घेतली असेल तर चोरीचा माल जाणूनबुजून घेतल्याचा संशय तुमच्यावर येतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

प्रश्न : माझी मोटारसायकल कुडाळच्या पलीकडे जात नाही. पुण्यात सिग्नल तोडल्याचं ई-चलन मला आलंय. हे कसं? (सिंधुदुर्ग)

उत्तर : चलन उघडून त्यातला फोटो पाहा. दोन शक्यता आहेत. कॅमेऱ्यानं किंवा हवालदारानं नंबर वाचताना चूक केली, तर फोटोतली पाटी वेगळी दिसेल. फोटोत तुमचाच नंबर आणि दुसरीच गाडी असेल, तर तुमच्या नंबराची जुळी पाटी पुण्यात फिरते आहे. दंड छोटा आहे म्हणून भरून मोकळे होऊ नका. भरलात की ती गाडी तुमचीच होती असं कागदावर येतं, आणि उद्या त्याच गाडीनं कुणाला उडवलं तर पोलीस कुडाळला येतील. राज्याच्या ई-चलन संकेतस्थळावर तक्रारीची सोय आहे. तिथं फोटोसह तक्रार नोंदवा, आणि स्थानिक ठाण्यातही तुमच्या गाडीचे फोटो, आरसी आणि त्या दिवशी गाडी कुठं होती त्याचा पुरावा देऊन अर्ज करा. असं चुकीचं चलन हाच पोलिसांना चोरीच्या गाडीचा पहिला माग ठरू शकतो.

चलनाची लिंक स्वतः संकेतस्थळावर जाऊन उघडा. 'तुमचं चलन थकलंय, ही फाइल उघडा' असा संदेश आणि सोबत एपीके फाइल आली, तर ती सरळ खोडून टाका. सरकार चलनासाठी एपीके पाठवत नाही. ती उघडणाऱ्यांची बँक खाती रिकामी झाली आहेत.

उच्च सुरक्षा पाटी लावल्यानं जुळ्या पाटीला आळा बसतो, असं सांगितलं जातं. काही प्रमाणात बसतो. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ती कारखान्यातूनच येते, जुन्यांसाठी आपल्याकडे मुदतवाढीवर मुदतवाढ चालली. पाटीवर डावीकडे अशोकचक्राचा होलोग्राम, त्याखाली निळ्या अक्षरांत देशाची खूण, खालच्या कोपऱ्यात लेझरनं कोरलेला अनुक्रमांक, आणि पाटी उघडू पाहिलं तर मोडून पडणारं कुलूप. चारचाकीच्या काचेवर आतून चिकटवलेलं तिसरं स्टिकर असतं, पेट्रोल-सीएनजीला फिकट निळं, डिझेलला नारिंगी. त्यावर चेसिस आणि इंजिन नंबरही असतात. अशी पाटी साध्या नटबोल्टांनी बसवलेली दिसली, किंवा डिझेल गाडीवर निळं स्टिकर दिसलं, तर दुसऱ्यांदा पाहायला हरकत नाही. आणि २२ बीएच असं आकड्यांनी सुरू होणारा नंबर दिसला म्हणून दचकू नका. २०२१ पासून सुरू झालेली ती बदलीवाल्यांची अधिकृत मालिका आहे.

प्रश्न : स्कूटर चोरीला गेली. ऑनलाइन तक्रार केली तर चालतं ना? (नाशिक)

उत्तर : चालतं, पण तिथं थांबू नका. पोर्टलवरचा तक्रार अर्ज आणि एफआयआर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विमा कंपनी, आरटीओ आणि न्यायालय यांना एफआयआर लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार चोरीची खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानं देता येते, पण तीन दिवसांच्या आत सही केली तरच ती नोंदली जाते. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला म्हणून परत पाठवता येत नाही. शून्य क्रमांकानं नोंद करून ती पुढं पाठवायची असते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे, तेव्हा तो नोंदला गेला का हे घरून पाहता येतं.

दोन सापळे टाळा. पोर्टलवर 'हरवले-सापडले' असा एक भाग आहे, तो कागदपत्रं, मोबाइल अशा वस्तूंसाठी. गाडी त्यात भरली तर ती 'गहाळ' म्हणून नोंदली जाते, चोरी म्हणून नाही, आणि विम्याचं गाडं तिथंच अडतं. दुसरा सापळा किमतीचा. नव्या कायद्यात पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र झाली आहे. जुनी आहे म्हणून संकोचानं 'चार हजार असेल' असं सांगून टाकलंत, तर तपासच होणार नाही. विमापत्रावरची घोषित किंमत सांगा.

मग त्याच दिवशी विमा कंपनीला ईमेल करा. पॉलिसी फक्त थर्ड पार्टी असेल तर चोरीची भरपाई मिळत नाही, हे आधी पाहून घ्या. कळवायला थोडा उशीर झाला म्हणून दावा फेटाळत असतील तर एक निकाल लक्षात ठेवा. पंजाबमधल्या एका माणसाचा ट्रॅक्टर चोरीला गेला. त्यानं एफआयआर त्याच दिवशी केला, पण कंपनीला ५२ दिवसांनी कळवलं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की पोलिसांत खबर वेळेवर दिली असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून खरा दावा नाकारता येणार नाही. तपासात गाडी न मिळाल्यास पोलीस 'ए समरी'चा अहवाल देतात, म्हणजे गुन्हा खरा पण उलगडा झाला नाही. भरपाईसाठी विमा कंपनी तो मागते, आणि दोन्ही किल्ल्याही मागते.

कार असेल तर आणखी एक गोष्ट : पोलिसांना विचारल्याशिवाय फास्टॅग लगेच बंद करू नका. मूर्ख चोर टॅग न काढता टोलनाका ओलांडतात, आणि वेळेसह एसएमएस तुमच्या मोबाइलवर येतो. तो तसाच तपास अधिकाऱ्याला पाठवा.

प्रश्न : लेक ऑकलंडला असते. ती म्हणते, तिकडे चोरीच्या गाड्यांची यादीच पोलीस संकेतस्थळावर लावतात. आपल्याकडे का नाही? (कोल्हापूर)

उत्तर : ती म्हणते ते खरं आहे. न्यूझीलंडचे पोलीस गेल्या सहा महिन्यांत चोरीला गेलेल्या आणि अजून न सापडलेल्या गाड्यांची यादी सगळ्यांसाठी खुली ठेवतात : नंबर, कंपनी, मॉडेल, रंग, वर्ष. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या संघटनेनं फुकट सोय केली आहे, सतरा अक्षरांचा नंबर टाकला की चोरीची किंवा टोटल लॉसची नोंद कळते. इंटरपोलकडेही मोठा साठा आहे, पण तो फक्त पोलिसांसाठी.

आपल्याकडे अशी उघडी यादी लावावी, असं मला वाटत नाही. तिथं नंबरपाटी आणि गाडी यांची जोडी बहुतेक खरी असते. इथं एकाच नंबराच्या दोन गाड्या फिरतात, आणि यादी वाचून रस्त्यात कुणाला अडवणारा जमाव खऱ्या मालकालाच चोपील. तीन नंबर भरून एका गाडीपुरतं उत्तर देणारी आपली पद्धत त्या मानानं शहाणी आहे. दुसरी यादी मात्र खुली करायलाच हवी : पोलिसांच्या आवारात पडून असलेल्या गाड्यांची, चेसिस नंबर आणि फोटोंसह, राज्यभराची एकत्र. नगरच्या ठाण्यात पडलेली गाडी नांदेडच्या मालकाला वर्तमानपत्रातल्या निवेदनातून कळणार कशी? त्या यादीनं कुणाची बदनामी होत नाही आणि आवारं मोकळी होतील.

प्रश्न : चोरीला गेलेली गाडी सापडल्याचा पोलिसांचा फोन आला. आता ती घरी कधी येईल? (सोलापूर)

उत्तर : ती आता मुद्देमाल आहे, म्हणून न्यायालयाकडे अर्ज करून सुपुर्तनाम्यावर घ्यावी लागते. खटला संपेपर्यंत ती ठाण्यात गंजू देऊ नये, फोटो आणि पंचनामा करून मालकाला द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सुंदरभाई देसाई खटल्यात सांगितलंय. नव्या संहितेच्या कलम ४९७ नं त्याला दिवसांची मुदत घातली : मालमत्ता न्यायालयापुढं आल्यावर १४ दिवसांत तिचं वर्णन आणि फोटो, आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. वकिलाला हा निकाल आणि हे कलम, दोन्ही अर्जात लिहायला सांगा. भरपाई आधीच घेतली असेल तर गाडी विमा कंपनीची, तुमची नाही. घेताना चेसिस नंबर स्वतः वाचून आरसीशी ताडा, स्टेपनी, बॅटरी आणि टायर पंचनाम्यातल्या यादीशी जुळवा, आणि मगच सही करा.